बंद कारखान्याचा सातबारा सगळे बघतात, माती कोण बघणार?

धाराशिव : बंद पडलेला कारखाना विकायचा किंवा भाड्यानं द्यायचा ठरला की पेपरात बँकेची जाहिरात येते. जमीन किती, मशिनरी कोणती, गोडाऊन किती, अनामत रक्कम किती, सगळं त्यात असतं. आणि खाली एक ओळ असते, ‘जसे आहे, जेथे आहे या तत्त्वावर’. म्हणजे जे आहे ते बघून घ्या, नंतर तक्रार चालणार नाही.

या ओळीत इमारत आली, यंत्रं आली, तशी माती पण आली. वीस-तीस वर्षं जिथं तेल सांडलं, रसायनं ओतली गेली, सांडपाणी साचलं, ती जमीनही ‘जशी आहे तशी’ नवीन माणसाच्या गळ्यात पडते. आणि त्या जमिनीखालचं पाणी तर कोणाच्याच सातबाऱ्यावर नसतं. ते शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीत जातं.

म्हणून हा विषय फक्त घेणाऱ्याचा नाही, कारखान्याच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्या प्रत्येकाचा आहे. बंद कारखान्याची जागा कशी तपासतात, साफ कशी करतात, खर्च कोणी करायचा आणि गावानं यात काय करायचं, ते सोप्या भाषेत बघू.

आपल्या जिल्ह्याचा काय संबंध?

ढोकीचा तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना आपल्या सगळ्यांना माहीत आहे. कर्जात गेला, जिल्हा मध्यवर्ती बँकेनं ताबा घेतला, वर्षानुवर्षं चिमणी थंड राहिली. पुढं भाड्यानं देण्याची निविदा निघाली, तेव्हा त्यावरून कोर्टकचेरी झाली. नळदुर्गच्या तुळजाभवानी कारखान्याची गव्हाणही अनेक वर्षं मोळीची वाट बघत होती.

या दोन्ही कारखान्यांच्या आवारात विष आहे, असं इथं म्हणायचं नाही. मुद्दा वेगळा आहे. असे कारखाने बंद पडतात, तेव्हा बँकेचं कर्ज, कामगारांचे थकीत पगार, पीएफ, शेतकऱ्यांची ऊसबिलं अशी देण्यांची रांग लागते. त्या रांगेत ‘माती तपासणी आणि सफाई’ हे नाव कोणी लिहीत नाही. साखर कारखाना असो, डिस्टिलरी असो, जिनिंग मिल असो, एमआयडीसीतला बंद शेड असो नाहीतर गावातला जुना डिझेल पंप, सगळीकडं हेच होतं.

साखर कारखान्यात विषारी काय असणार?

बऱ्याच जणांना वाटतं, ऊस, रस, साखर, यात घातक काय आहे? उसात काही नाही. पण ऊस गाळायला जे लागतं, त्यात आहे. बंद कारखान्याच्या आवारातून एक चक्कर मारू.

मिल हाऊस : मोठमोठ्या रोलरच्या बेअरिंगला सतत तेल आणि ग्रीस लागतं. ते गळतं, फरशीवर पडतं, गटारीनं बाहेर जातं. अनेक हंगामांनंतर त्या गटारीच्या कडेची माती काळी, चिकट होते. वर्कशॉप आणि गाड्यांच्या गॅरेजपाशी तेच. वापरलेल्या तेलात झिजलेल्या धातूंचे कण पण असतात.

प्रयोगशाळा : उसाच्या रसात साखर किती, हे मोजताना रस आधी स्वच्छ करावा लागतो. त्यासाठी वर्षानुवर्षं लेड सबॲसिटेट नावाची पावडर वापरली गेली. लेड म्हणजे शिसं. रोज अनेक नमुने, पूर्ण हंगाम, वर्षामागून वर्ष. ते पाणी सिंकमधून कुठं गेलं, हे विचारायलाच हवं. आता शिसं नसलेले पर्याय आले आहेत, पण जुन्या प्रयोगशाळेच्या मागचा खड्डा जुनाच आहे.

बॉयलर आणि वाफेच्या पाइपा : जुन्या पाइपांवर उष्णता टिकवण्यासाठी ॲस्बेस्टॉसचं आवरण असायचं. शेडवरचे सिमेंटचे पत्रे पण त्याचेच. पत्रा शाबूत असेल तोवर धोका कमी. तोडला, कापला, आपटला की बारीक तंतू हवेत उडतात. ते श्वासातून फुप्फुसात जातात आणि आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो.

ट्रान्सफॉर्मर आणि बॅटरी रूम : काही जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी नावाचं रसायन असू शकतं. ते अतिशय घातक. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदेशानं त्याचा वापर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत पूर्ण बंद करायचा होता. बॅटरी रूममध्ये शिसं आणि ॲसिड असतं.

रसायनांचं गोडाऊन : चुना, गंधक, कॉस्टिक सोडा, फॉस्फरिक ॲसिड. फाटलेल्या गोण्या, गंजलेले पिंप. पाऊस आत आला की हे सगळं जमिनीत.

डिस्टिलरीचे तलाव : कारखान्याला डिस्टिलरी जोडलेली असेल तर सगळ्यात मोठी जागा हीच. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर काळपट-तांबूस सांडपाणी निघतं. त्याला स्पेंटवॉश म्हणतात, गावाकडं ‘मळीचं पाणी’. पाण्यातली घाण मोजायचं एक माप आहे, बीओडी. आपल्या घरातल्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला २००-३०० मिलिग्रॅम असतो. कच्च्या स्पेंटवॉशचा ४० ते ५० हजार. म्हणजे शेकडो पट. त्यात पालाश आणि क्षार पण भरपूर. तलावाला प्लॅस्टिकचं जाड अस्तर नसेल किंवा फाटलं असेल, तर ते खाली झिरपतं.

आपल्या रानात ही घाण कशी फिरते?

हे समजून घेतलं की तपासणीचं अर्धं काम समजतं.

आपल्याकडं वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. काळ्या मातीत चिकणमाती जास्त, त्यामुळं शिशासारखे जड धातू ती धरून ठेवते. बहुतेक वेळा ते वरच्या थरातच अडकतात. हे एका अर्थानं बरं, कारण खणून काढता येतात. पण त्याच जागेवर पोरं खेळली, जनावरं चरली, भाजी लावली, तर धोका थेट आहे.

क्षार, क्लोराइड, नायट्रेट यांचं तसं नाही. ते पाण्याबरोबर निघतात. त्यातून उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात, हात जाईल एवढ्या. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात वरची घाण त्या भेगांतून सरळ मुरमात उतरते. मुरमातून खडकाच्या फटीत. आणि खडकातली फट सरळ जात नाही. त्यामुळं कारखान्याला लागून असलेली विहीर चांगली आणि अर्ध्या किलोमीटरवरची बिघडलेली, असं होऊ शकतं. ‘शेजारच्याची चांगली आहे, मग तुझीच कशी खराब?’ असं म्हणून कोणाला खोटं पाडू नये.

विहिरीचं पाणी चहासारखं दिसणं, फेस येणं, कुजका वास, बांधावर पांढरी खपली, पीक पिवळं पडणं, ही दिसणारी लक्षणं. पण शिसं दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. पाणी नितळ आहे म्हणजे चांगलं आहे, असं नसतं.

तपासणी कशी होते? चार पायऱ्या

पहिली पायरी : कागद आणि म्हातारी माणसं. मातीला हात लावायच्या आधी जागेचा इतिहास काढतात. कारखाना कधी सुरू झाला, काय बनवलं, टाक्या कुठं होत्या, गटार कुठं जायची, राख कुठं टाकली. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचं पर्यावरण विवरण, घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, हे कागद मंडळाकडं असायला हवेत. माहिती अधिकारात मागता येतात.

पण अर्धा इतिहास कागदावर नसतोच. तो निवृत्त फिटरला, बॉयलर अटेंडंटला, लॅब केमिस्टला, रात्रपाळीच्या वॉचमनला माहीत असतो. ‘त्या लिंबाच्या झाडामागं खड्डा होता, त्यात पिंपं पुरली’ ही एक ओळ लाख रुपयांच्या मशिनपेक्षा भारी ठरते. ही माणसं आज सत्तरीत आहेत. त्यांचं सांगणं आत्ताच लिहून घेतलं पाहिजे.

दुसरी पायरी : नमुने. संशयाच्या जागा नकाशावर ठरवून तिथली माती वेगवेगळ्या खोलीवरून घेतात. वरची वीतभर, मग अर्धा मीटर, मग एक मीटर आणि खाली. पाण्याचे नमुने कारखान्याच्या वरच्या अंगाच्या विहिरीतून आणि खालच्या अंगाच्या विहिरींतून, दोन्हीकडून घेतात. शक्य असेल तर उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा.

इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कारखान्यापासून लांबच्या, स्वच्छ रानातली माती पण तपासावी लागते. कारण आपला काळा पाषाण मुळातच क्रोमियम, निकेल, तांबं यांनी थोडा समृद्ध आहे. लांबच्या मातीचा आकडा नसेल तर कंपनीवाला म्हणेल ‘हे तर निसर्गातच आहे’ आणि गाव म्हणेल ‘सगळं कारखान्याचंच’. दोघांचं खरं-खोटं करायला तो एक नमुना लागतो. नायट्रेटचंही तसंच. ते खतातून पण येतं.

तिसरी पायरी : धोका मोजणं. मातीत काहीतरी सापडलं म्हणजे लगेच माणूस आजारी पडेल असं नाही. तीन गोष्टी जुळाव्या लागतात. घातक पदार्थ, तो पोहोचायची वाट आणि पोहोचणारा जीव. शेडच्या जाड काँक्रीटखाली तेल मुरलेलं असेल, खाली पाणी लांब असेल, तर घाई नाही. पण तेच तेल पिण्याच्या बोअरच्या वरच्या अंगाला असेल तर आजच हालचाल हवी. जागेचा पुढं उपयोग काय, यावरही ठरतं. परत कारखाना चालणार असेल तर एक मोजमाप, शाळा किंवा घरकुलं होणार असतील तर कितीतरी कडक.

चौथी पायरी : आराखडा. काय काढायचं, काय जागेवर ठेवायचं, किती साफ झालं म्हणजे झालं, हे आकड्यात आधी लिहायचं. ‘साफसफाई केली’ हा शब्द पुरेसा नाही. शिसं अमुक एवढ्याच्या खाली आणलं, असं हवं.

साफ कशी करतात?

एकच औषध सगळ्याला चालत नाही.

तेल मुरलेली माती : ती पसरून, ओल ठेवून, थोडं खत घालून, वरचेवर उलथीपालथी करून तेल खाणाऱ्या जिवाणूंकडून साफ करता येते. ‘टेरी’ या संस्थेनं असे जिवाणू ‘ऑइलझॅपर’ नावानं तयार केले आहेत. वेळ लागतो, पण खर्च कमी. शेणखत कुजवल्यासारखंच हे काम आहे, फक्त देखरेखीखाली.

शिसं आणि इतर धातू : हे कुजत नाहीत, जळत नाहीत. एक तर माती खणून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात न्यायची, नाहीतर सिमेंट-चुन्यासारख्या गोष्टी मिसळून जागेवर घट्ट बांधायची आणि वरून झाकायची. महाराष्ट्रात अशी केंद्रं तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथं आहेत. आपल्याला त्यातलं पुणे जिल्ह्यातलं रांजणगाव सोयीचं. प्रत्येक गाडीबरोबर कचऱ्याची नोंद करणारी कागदपत्रं असावी लागतात. माती गेटमधून निघाली आणि कागद नाही, तर ती कोणाच्या तरी ओढ्यात पडणार हे समजून घ्या.

ॲस्बेस्टॉस : आधी पाण्यानं भिजवायचं, न तोडता अख्खं उतरवायचं, जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून अधिकृत केंद्रात पाठवायचं. कामगाराला चांगला मास्क हवाच. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

बिघडलेलं भूजल : हे सगळ्यात अवघड. वर्षानुवर्षं उपसून शुद्ध करावं लागतं, किंवा मूळ घाण काढून पाण्याला स्वतःहून सुधारायला वेळ द्यावा लागतो. तोपर्यंत त्या भागाला दुसरीकडून पिण्याचं पाणी द्यायचं. म्हणून घाण मातीत असतानाच काढणं कधीही स्वस्त.

शेवटी परत नमुने. ज्यानं सफाई केली त्यानं नाही, दुसऱ्यानं घ्यायचे. आणि पुढची काही वर्षं विहिरींवर लक्ष ठेवायचं.

या चुका होऊ देऊ नका

सगळ्यात मोठी चूक भंगार काढताना होते. कारखाना बंद पडला की आधी भंगारवाला येतो. गॅस कटरनं टाक्या कापतात, उरलेलं तेल जमिनीवर ओततात, वायरी जाळून तांबं काढतात, पत्रे आपटून खाली पाडतात. तीस वर्षांत जेवढी घाण झाली नाही, तेवढी कधी कधी या तीन महिन्यांत होते. म्हणून टाक्या, पिंपं, ट्रान्सफॉर्मर रिकामे करून त्यांची नोंद झाल्याशिवाय भंगाराची परवानगी नको.

दुसरी चूक, वरून मुरूम टाकून रोलर फिरवणं. जागा चकाचक दिसते, खालचं तसंच राहतं. तिसरी चूक, कारखान्यातली ‘चांगली काळी माती’ फुकट मिळते म्हणून आपल्या शेतात टाकणं. बॉयलरची राख आणि जुन्या तलावाचा गाळ पण तपासल्याशिवाय रानात नको.

पैसे कोण देणार?

इथं राजस्थानातल्या बिच्छडी गावाची गोष्ट माहीत हवी. उदयपूर जिल्ह्यातल्या या गावाजवळ १९८० च्या दशकाच्या शेवटी रंगासाठी लागणारं एच-ॲसिड बनवणारे कारखाने निघाले. कारखाने थोडाच काळ चालले, पण त्यांचा विषारी गाळ उघड्यावर पडला. तो पावसानं मुरला आणि आसपासच्या गावांतल्या विहिरींचं पाणी रंगीत झालं. पिण्याला नाही, शेतीला नाही. सर्वोच्च न्यायालयानं १३ फेब्रुवारी १९९६ ला निकाल दिला की ज्यानं घाण केली, त्यानंच साफसफाईचा खर्च द्यायचा. काळजी घेतली होती की नव्हती, हा प्रश्नच नाही. पुढं सुमारे ३७ कोटी ३८ लाख रुपयांचा खर्च ठरला. तो टाळत राहिले म्हणून २०११ मध्ये न्यायालयानं चक्रवाढ व्याजासकट भरायला सांगितला. तत्त्व ठरलं, पण गावाची वर्षं गेली ती गेलीच.

भोपाळचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १९८४ च्या दुर्घटनेनंतर बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारातला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये हलवला आणि पिथमपूरला जाळला. चाळीस वर्षं लागली, आणि तो फक्त पोत्यात भरून ठेवलेला कचरा होता. मातीचा आणि पाण्याचा हिशोब वेगळाच.

आता कायदा थोडा पुढं आला आहे. केंद्र सरकारनं जुलै २०२५ मध्ये प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम काढले. त्यात सांगितलेली पद्धत अशी आहे. स्थानिक स्वराज्य संस्था किंवा जिल्हा प्रशासनानं स्वतःहून, किंवा लोकांच्या तक्रारीवरून, संशयित जागांची यादी करून दर सहा महिन्यांनी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायची. मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. मर्यादेपेक्षा जास्त सापडलं तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी. १८९ घातक रसायनांच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. जागा प्रदूषित ठरली की जबाबदार कोण ते शोधायचं आणि सफाईचा खर्च त्याच्याकडून घ्यायचा. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसेल तर केंद्र आणि राज्य मिळून खर्च करतात, आपल्यासारख्या राज्यात ६०:४० या प्रमाणात.

मात्र हे नियम घातक रसायनांसाठी आहेत. नुसतं मळीचं पाणी ओढ्यात सोडलं असेल तर १९७४ चा जलप्रदूषण कायदा लागतो. तक्रार दोन्हीची मंडळाकडंच.

सहकारी कारखान्याची खरी अडचण

‘घाण करणाऱ्यानं भरावं’ हे ऐकायला बरोबर आहे. पण सहकारी कारखान्याचा मालक कोण? सभासद. म्हणजे आपणच. ज्याच्या विहिरीला धोका, त्याच्याच नावावर शेअर. संचालक मंडळं बदलली, कारखाना अवसायनात गेला, बँकेनं ताबा घेतला, नवीन भाडेकरू आला. मग सफाईचं बिल कोणाच्या टेबलावर ठेवायचं?

याचं उत्तर सफाईच्या वेळी शोधायला गेलं तर भांडण होणार. ते जागा हातातून जाताना लिहून घेतलं पाहिजे. विक्री किंवा भाड्याच्या करारावर सही व्हायच्या आधी माती-पाण्याची तपासणी करून तो अहवाल कराराला जोडायचा. म्हणजे त्या तारखेपर्यंतची घाण जुन्याची, त्यानंतरची नव्याची, हे कागदावर स्पष्ट होतं. यात घेणाऱ्याचा पण फायदा आहे. दुसऱ्यानं केलेलं त्याच्या माथी येत नाही. बँकेलाही भाव ठरवताना खरा खर्च कळतो. आणि सभासदाला निदान आपली जमीन कोणत्या अवस्थेत गेली, हे माहीत होतं.

गावानं आत्ता काय करायचं?

१. ग्रामसभेत ठराव घ्या. बंद कारखान्याची, शेडची किंवा पंपाची जागा, गट नंबर, काय बनायचं आणि काय दिसतंय, एवढं स्पष्ट लिहा. ‘संशयित प्रदूषित जागा म्हणून नोंद घेऊन तपासणी करावी’ असं मागा. ठराव जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवा. मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय लातूरला आहे. पोचपावती जपून ठेवा, कारण मुदती त्यावरून मोजता येतात.

२. पाणी तपासा, पण काय तपासायचं ते सांगून तपासा. जलजीवन मिशनच्या किटवर पीएच, कडकपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह असं कळतं. शिसं, क्रोमियम, तेल कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, नायट्रेट ४५ पेक्षा जास्त नको, ही आपल्या देशाची मानकं आहेत. नमुना कोणत्या बाटलीत आणि कसा घ्यायचा, हे आधी प्रयोगशाळेला विचारा. धातूंसाठी आणि तेलासाठी बाटली वेगवेगळी असते.

३. तारखेसह फोटो काढा. ओढ्याचा रंग, फुटलेली पिंपं, जळालेल्या वायरींची राख. फोटोत विहीर किंवा ओळखू येणारी खूण असू द्या. पण आत शिरून पिंप उघडू नका, वास घेऊन बघू नका.

४. निवृत्त कामगारांना एकत्र बसवा. एका कागदावर आवाराचा नकाशा काढून कुठं काय होतं ते त्यांच्याकडून भरून घ्या. एका दुपारचं काम आहे.

५. माहिती अधिकारात संमतीपत्र, पर्यावरण विवरण आणि मंडळानं आजवर घेतलेल्या नमुन्यांचे निकाल मागा.

६. पाण्यावर संशय असेल तर निकाल येईपर्यंत ते पिऊ नका. उकळून शिसं किंवा नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यानं थोडं वाढतं. लहान बाळं आणि गरोदर बायांसाठी दुसरं पाणी आधी बघा.

७. सभासद असाल तर वार्षिक सभेत एक प्रश्न लेखी विचारा. ‘जागा भाड्यानं देण्यापूर्वी माती आणि भूजल तपासणी केली का? केली असेल तर अहवाल द्या. नसेल तर कधी करणार?’

तपासणीत काहीच सापडलं नाही, तर उत्तमच. मग त्या जागेवर उद्योग यावा, पोरांना काम मिळावं, हेच सगळ्यांना हवं आहे. बंद कारखान्याची जागा पडून राहणं कोणाच्याच फायद्याचं नाही. फक्त पुढच्या वेळी पेपरात ‘जसे आहे, जेथे आहे’ ही ओळ दिसली, की सही व्हायच्या आधी ठरावाची प्रत घेऊन तहसीलला जा.